दार कुणासाठी उघडे होते?

भाऊसिंगजी रोडवरच्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाची गोष्ट कोल्हापुरात आपल्या घराघरांत सांगितली जाते. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला लोक येईनात, तेव्हा छत्रपती शाहू महाराज स्वतः तिथे गेले, चहा प्याले आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजला. आज आम्ही दुसऱ्या एका हॉटेलाची हकीकत सांगणार आहोत. त्याचे दार मात्र देशी माणसासाठी नव्हते.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर माथा टेकून जे मुंबई पाहायला थांबतात, त्यांच्या वाटेवर काळा घोड्यापाशी ही इमारत येते. नाव एस्प्लनेड मॅन्शन. पूर्वीचे नाव वॉटसन्स हॉटेल. जॉन वॉटसन हा कापडाचा इंग्रज व्यापारी. त्याने १८६७ ते १८६९ या काळात ती उभारली. लोखंडी खांब आणि तुळया इंग्लंडात ओतून जहाजाने आणल्या, इथे जोडल्या आणि मध्ये विटा भरल्या. सारा भार लोखंडावर, म्हणून जाड भिंतींची गरज उरली नाही. उन्हापासून आडोसा म्हणून प्रत्येक मजल्याला बाहेरून लांब गॅलऱ्या दिल्या. खोल्या सुमारे १३०, मधल्या चौकावर काचेचे छप्पर!

१८७१ साली हॉटेल सुरू झाले, ते गोऱ्यांसाठी. जमशेटजी टाटांना इथे मज्जाव झाला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, असे सांगतात. पण त्याला पक्का पुरावा नाही. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवली गेली, ती इथेच. तिकीट १ रुपया. आठवडाभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथे ४ आण्यांचेही तिकीट होते, तेव्हा साध्या माणसालाही ती चित्रे पाहता आली. पुढे १९१७ साली बाबूराव पेंटरांनी आपल्या कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. गोऱ्यांच्या दिवाणखान्यातली नवलाई वीस-एकवीस वर्षांत आपल्या गावच्या कारागिरांच्या हाती आली!

१९०३ साली ताज उघडले आणि वॉटसनची शान गेली. कालांतराने हॉटेल बंद झाले. मोठमोठ्या खोल्यांना आडभिंती पडल्या, लहान गाळे झाले. कोर्ट जवळ असल्याने वकिलांनी कचेऱ्या थाटल्या, दुकाने आली, बिऱ्हाडेही राहू लागली. डागडुजीकडे मात्र कुणी पाहिले नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजत गेले. २००५ साली गॅलरीचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ साली इमारत रिकामी करण्यात आली. ती पाडावी की दुरुस्त करावी, यावर जाणकारांत वाद झाला.

आमचे मत विचाराल, तर ती जपावी. माणसांचा जीव पहिला, हे खरेच. पण ज्या दारातून देशी माणसाला आत घेत नव्हते, ते दार आपल्या लेकरांना बोट दाखवून सांगता आले पाहिजे.

आणि गंगारामांचे हॉटेल? त्याला ना विलायती खांब होते, ना काचेचे छप्पर. ते टिकले आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी. या रविवारी मुलांना जवळ बसवा आणि ती गोष्ट पुन्हा सांगा.