‘आपोआप जमतं’ ही थाप आहे

गाडी शिकणाऱ्या माणसाला आपल्याकडे तीन वाक्यं हमखास ऐकवली जातात. पहिलं, "क्लच ना, तो आपोआप जमतो." दुसरं, "हळूहळू सोड." आणि सिग्नलला गाडी बंद पडून मागच्याने हॉर्न दाबून धरला की तिसरं, "अगं, काय करतेयस!" या तिन्ही वाक्यांत मिळून शिकवण्याचा एक कणही नाही. पोहायला शिकवणाऱ्याने काठावर उभं राहून "बुडू नकोस" म्हणत राहावं, तसला हा प्रकार.

माझं म्हणणं सरळ आहे. क्लच आपोआप जमत नाही. तो शिकवता येतो आणि मोकळ्या जागेवर दोन-तीन वेळा नीट सराव केला तर त्याचा गाभा पायात उतरतो. "आपोआप जमतं" म्हणणारा माणूस एवढंच लपवत असतो की, त्याला जे येतं ते त्याला सांगता येत नाही. या लपवाछपवीची किंमत मात्र शिकणारा मोजतो. वर्षानुवर्षं चढावर घाम फुटतो, क्लचप्लेट जळते आणि शेवटी "मला नाही बाई जमत" म्हणून किल्ली कायमची दुसऱ्याच्या हातात जाते.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण ते कुणी समजावतच नाही. एका बाजूला इंजिनाचं जड चाक आहे, फ्लायव्हील. ते गाडी उभी असतानाही मिनिटाला साधारण 800 वेळा फिरत असतं. दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स आणि चाकं, ती स्थिर. या दोघांमध्ये क्लचप्लेट. पेडल दाबलं की प्लेट सुटी होते. पेडल सोडलं की प्रेशर प्लेटची स्प्रिंग तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या वस्तूंची गाठ एकदम घातली तर एक हरणारच. इंजिन हरलं तर गाडी बंद पडते, इंजिन जिंकलं तर गाडी आचका देऊन उडी मारते. मधल्या क्षणी प्लेट थोडी घसरत, थोडी पकडत दोघांचा वेग जुळवते. क्लच शिकणं म्हणजे हा मधला क्षण ओळखणं आणि त्याला पुरेसा वेळ देणं.

आता "हळूहळू सोड" का चुकीचं ते बघा. पेडलचा सगळा प्रवास सारखा नसतो. वरचा थोडा भाग मोकळा, खालचा बराचसा भाग मोकळा आणि मधल्या एका अरुंद पट्ट्यात सगळा खेळ. मेकॅनिक विचारतो ना, "क्लच कुठे पकडतो?" तो हाच पट्टा. म्हणजे तीन टप्पे झाले: पकडेपर्यंत पाय निःशंक उचलायचा, पट्ट्यात आल्यावर थांबायचं, गाडी चालायला लागली की उरलेलं पेडल सोडून पाय पूर्ण बाजूला घ्यायचा. "हळूहळू" या एका शब्दात हे तिन्ही टप्पे बुडतात. शिकणारा बिचारा जिथे काहीच घडत नाही तिथे जीव मुठीत धरून हळू जातो आणि जिथे खरोखर थांबायचं तिथे, एव्हाना पाय दुखायला लागल्यामुळे, सोडून देतो. मग गाडी बंद पडते आणि दोष त्याच्या पायाला लागतो.

तो पट्टा शोधायची सोपी रीत आहे. सपाट, मोकळी जागा. पहिला गिअर. ॲक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच, लावायचा नाही. क्लच उचलत जायचं आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा. एका जागी तो जरा जड होतो, आरपीएमचा काटा किंचित खाली झुकतो, स्टीअरिंगमध्ये बारीक थरथर येते. तिथे पाय थांबवायचा. बहुतेक गाड्या सपाटीवर स्वतःहून सरपटू लागतात. मग क्लच दाबायचा, ब्रेक, पुन्हा पहिल्यापासून. असं वीस वेळा, तीस वेळा. कंटाळा येईल, येऊ द्या. तबला शिकणाराही आधी ‘ना’ आणि ‘धा’ घोटतो. त्याला कुणी पहिल्याच दिवशी मैफलीत बसवून "आपोआप जमेल" म्हणत नाही.

मी हे सगळं ज्या गाडीवर पारखून घेतलं ती होती मामाची अबार्थ पुंटो. 2015 साली बाजारात आलेली, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला तयार झालेली, 1.4 लिटर टर्बो इंजिन, 145 हॉर्सपॉवर, पाच गिअर. शुद्धतावादी म्हणतील, ही कसली स्पोर्ट्स कार, ही तर तापट हॅचबॅक. बरं. गोव्यात बनलेली दोन आसनांची सॅन स्टॉर्म मिळाली असती तर तीही चालवली असती. मुद्दा असा की, अशा गाड्यांबद्दल एक दहशत पसरवलेली असते: "हिचा क्लच फार कडक, ही नवशिक्यांची गाडी नाही." दहशतीत तथ्य आहे तेवढंच घेऊ. ताकदवान इंजिनाची ताकद पेलायला स्प्रिंग जास्त कडक लागते, म्हणून पेडल जड. काही स्पोर्ट्स गाड्यांत फ्लायव्हील मुद्दाम हलकं ठेवतात, म्हणून आरपीएम झटकन चढतात आणि तितक्याच झटकन कोसळतात, चूक पोटात घालत नाहीत. शिवाय टर्बो अगदी कमी आरपीएमवर झोपलेला असतो, त्यामुळे गाडी हलवताना ते 145 घोडे अजून तबेल्यातच असतात. पण रीत तीच. पट्टा तोच, फक्त अरुंद. जो शहाणपणाने शिकला त्याला जड पेडल दोन दिवस पोटरीत कळतं, तिसऱ्या दिवशी विसरायला होतं.

आता दुसऱ्या टोळीकडे वळते. ही टोळी रील्समध्ये भेटते. इंजिन भुंकवायचं, मग क्लच सोडायचा, टायर किंचाळले पाहिजेत, खाली कमेंट, "भावाने जाळ केला." जाळ खरंच होतो, तो क्लचप्लेटचा. शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा. रस्त्याचा विरोध बाजूला ठेवला आणि क्लच जुळेपर्यंत इंजिन एकाच वेगाने फिरतंय असं धरलं, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते तेवढीच ऊर्जा प्लेटवर उष्णता म्हणून जाते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे 1000 आरपीएमवर क्लच जुळवला त्यापेक्षा 3000 वर घसरवत जुळवला तर उष्णता तिप्पट नाही, नऊपट. यात कौशल्य कुठे आहे? हा बापाच्या पैशांनी केलेला प्लेटचा अंत्यविधी आहे. आणि प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, म्हणजे भागापेक्षा मजुरीची काळजी.

याच टोळीचा सभ्य, चाळिशीतला सदस्य म्हणजे ‘हाफ क्लच’वाला काका. चढावर सिग्नल लागला की हा ब्रेक लावत नाही, क्लच अर्धा धरून गाडी तरंगत ठेवतो आणि शेजारच्याकडे अभिमानाने बघतो. तेवढा वेळ प्लेट घासतेय, तापतेय. हँडब्रेक नावाची वस्तू गाडीत फुकट मिळालेली आहे. हँडब्रेक ओढून ठेवायचा, हिरवा होताना क्लच पट्ट्यात आणायचा, थोडा ॲक्सिलरेटर, गाडीचं नाक जरासं उचललं गेल्यासारखं वाटलं की हँडब्रेक सोडायचा. गाडी तसूभर मागे जात नाही. हे काकांना माहीत नाही, कारण काकांनाही कुणीतरी "आपोआप जमेल" म्हणालं होतं.

मग शिकवायचं कुणी? ज्यांनी त्याचे पैसे घेतले त्यांनी. मी ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होता. सुरक्षेसाठी ते हवंच. पण सगळे दिवस त्यांचा पाय त्यांच्या क्लचवर होता. मी स्टीअरिंग धरलं, गाडी त्यांनी चालवली. "मॅडम, तुम्ही फक्त समोर बघा." एकदाही चढ नाही, एकदाही मोकळं मैदान नाही. परीक्षेलाही चढ नव्हता. आठ काढला, झालं.

आणि गंमत म्हणजे कायदा माझ्या बाजूने आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 15 उघडून वाचा. चालकाला काय काय आलं पाहिजे याची तिथे यादी आहे आणि त्या यादीत तीव्र चढावर गाडी थांबवून, ती मागे न घरंगळू देता पुन्हा अलगद निघणं, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे ही हौस नाही, ही किमान पात्रता आहे. ज्या राज्यात ताम्हिणी, आंबोली आणि वरंधा आहेत, तिथे चढावर न थांबवता लायसन्स देणं म्हणजे पाण्यात न उतरवता पोहण्याचं प्रमाणपत्र देणं.

या हलगर्जीपणाचा सगळ्यात मोठा फटका बायकांना बसतो. न शिकवलेला मुलगा मित्रांच्या गाड्यांवर, रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवर, बापाची बोलणी खात का होईना, तास भरून काढतो. मुलीला ते तास मिळत नाहीत. मग एका बंद पडलेल्या गाडीवरून अख्ख्या जातीचा निकाल लागतो आणि "तुला ऑटोमॅटिकच बरी" असा प्रेमळ सल्ला येतो. पाय बाईचा की पुरुषाचा हे क्लचप्लेटला कळत नाही. तिला फक्त दाब आणि वेळ कळतो.

इथे कुणीतरी म्हणेल, एवढा त्रागा कशाला? क्लच तर जाणारच आहे. इलेक्ट्रिक गाडीत तो नाहीच. 2014 मध्ये सेलेरिओ आली आणि आपल्याकडे स्वस्तात एएमटी मिळू लागला, तेव्हापासून डावा पाय निवृत्त व्हायला लागला. मान्य. रोज दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्याने ऑटोमॅटिक घ्यावी, मीही सुचवेन. पण सुरुवातीच्या एएमटी गाड्या गिअर बदलताना मान डोलवायच्या, आठवतंय? त्यात यंत्राचा हात तोच क्लच दाबत होता आणि त्यालाही ते ‘आपोआप’ जमत नव्हतं. इंजिनिअरांना बसून शिकवावं लागलं.

वेगाचाच प्रश्न असेल तर तो केव्हाच निकालात निघाला आहे. पोर्शेने 2013 मध्ये 911 जीटी3 आणली ती फक्त ऑटोमॅटिक पीडीके गिअरबॉक्ससह. चाहत्यांनी ओरड केली. 2016 च्या 911 आर मध्ये आणि मग 2017 च्या जीटी3 मध्ये मॅन्युअल परत आला. त्या 2017 च्या गाडीला शून्य ते 100 किलोमीटर वेग गाठायला पीडीकेने 3.4 सेकंद लागतात, मॅन्युअलने 3.9. कंपनीनेच छापलेले आकडे. तरीही लोकांनी हौसेने तो अर्धा सेकंद गमावला. म्हणजे जगातल्या कडव्या गाडीवेड्यांनीच कबूल केलंय की, क्लच वेगासाठी नसतो. मग ज्याला तो हवा त्याला कशासाठी हवा? यंत्राशी होणाऱ्या संवादासाठी. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी मारून इंजिनाचा वेग आधीच वर न्यायचा आणि मग क्लच सोडायचा. शेजारी बसलेल्याला गिअर बदलल्याचं कळूही नये, इतकं बेमालूम. आपल्याकडे याला फार जुनी आणि नेमकी मोजपट्टी आहे: पोटातलं पाणी हलता कामा नये.

ही मोजपट्टी मी एसटीत शिकले. घाटातल्या वळणाआधीच खालचा गिअर टाकणारे, पन्नास झोपलेली माणसं न जागवता लाल गाडी वर नेणारे चालक मला कुठल्याही रीलवीरापेक्षा मोठे ड्रायव्हर वाटतात. त्यांच्या हातात टायर किंचाळत नाहीत. काहीच होत नाही, आणि तेच तर कौशल्य.

म्हणून मागण्या तीन. पैसे घेऊन शिकवणाऱ्याने पहिला तास मोकळ्या जागेवर, ॲक्सिलरेटरशिवाय, स्वतःचा पाय पेडलवरून काढून घ्यावा. परीक्षा घेणाऱ्याने नियमात लिहिलेला चढ खरोखर दाखवावा. आणि ज्यांना गाडी येते त्या दादा, काका, मामा, नवरे मंडळींनी शेजारी बसल्यावर "हळूहळू" हा शब्द गिळावा. त्याऐवजी विचारावं, "आवाज कुठे बदलला?" उत्तर मिळेपर्यंत गप्प बसावं. मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू द्यावा. तोही कधीतरी शिकत होता, आणि बहुधा त्यालाही कुणी शिकवलं नव्हतं.