आपला माल कोणत्या जहाजात चढतो?

परदेशी माल पाठविणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना आम्ही नेहमी एक प्रश्न विचारतो : माल कोणत्या जहाजाने गेला? उत्तर बहुधा ठरलेले असते, "ते एजंटाला ठाऊक." भाडे किती पडले हे तोंडपाठ असते. पण जहाजाचे नाव, माल कसा भरला, कागदावर काय लिहिले, यांपैकी काहीही सांगता येत नाही. डझनामागे आठ आण्यांसाठी तासभर घासाघीस करणारा हाच माणूस माल गोदीच्या फाटकातून आत गेला की निश्चिंत होतो. आमच्या मते ही बेफिकिरी महागात पडणारी आहे.

व्यापारी जहाजे सगळी एका जातीची नसतात. कोळसा, लोहखनिज, गहू, खत असा सुटा माल थेट पोटात ओतून घेणारी ती बल्क कॅरियर. गोव्याचे खनिज मांडवी-जुवारीतून बार्जने येऊन मुरगावला अशाच जहाजांत चढत आले आहे. कच्च्या तेलाला टँकर, आणि त्यांतल्या अगडबंब टँकरमध्ये सुमारे २० लाख पिंपे तेल मावते. द्रवरूप वायूचे जहाज म्हणजे उणे १६२ अंशांचा तरंगता थर्मासच. आपल्या दाभोळला ती येतात. मोटारी स्वतःच्या चाकांवर चालत आत शिरतात ते रो-रो जहाज. नोव्हेंबर २०२३ मध्ये हुथींनी लाल समुद्रात पळवून नेलेले 'गॅलेक्सी लीडर' याच जातीचे. कारागिराचा या जहाजांशी फारसा संबंध येत नाही.

वहाणांचे मात्र वेगळे. मांडवी आणि सलाया येथील लाकडी वहाणे आजही आखातात आणि सोमालियाच्या किनाऱ्यावर माल नेतात. जेथे मोठे जहाज लागू शकत नाही तेथे वहाण लागते, हा त्यांचा मोठाच गुण. पण विमा कंपनी पोलादी जहाजाचा दर वहाणाला लावीत नाही, हे सौदा करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. माल बुडाल्यावर विचारून उपयोग नाही.

आपला बहुतेक माल, मग तो मुरादाबादची पितळी भांडी असो, भदोहीचे गालिचे असो की मालेगावचे कापड, जातो तो कंटेनर जहाजाने. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन निघाले, तेथून ही पद्धत रुजली. आपल्याकडे न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि मुंबईचा कंटेनरचा धंदा हळूहळू तिकडे गेला. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते. लहान व्यापाऱ्याजवळ तेवढा माल नसतो. म्हणून चार-पाच जणांचा माल एका कंटेनरमध्ये भरतात आणि भाडे घनमीटर किंवा टन, जे जास्त भरेल त्यावर लावतात. यात गैर काही नाही. पण शेजारी कोणाचा माल आहे हे कोण पाहतो? कच्च्या चामड्याचा वास भरतकामाच्या कपड्यांत एकदा शिरला की परदेशी गिऱ्हाईक माल हातात धरीत नाही. एकाच्या कागदांत खोट निघाली तर बाकीच्यांचाही माल अडकून पडतो. शिवाय कंटेनरला घाम येतो. दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारवा यांमुळे आतल्या छताला पाणी धरते आणि ते मालावर टपकते. पितळ काळवंडते, चामड्याला बुरशी येते. ओलसर लाकडी खोके आणि ताजे रंगविलेले सामान आत भरले की हा घाम वाढतोच. ओल शोषणाऱ्या पिशव्यांचा खर्च फार नसतो, पण तोही आपण वाचवायला जातो. गोठविलेल्या मांसाचे व्यापारी याबाबतीत आपल्यापेक्षा सावध. त्यांच्या कंटेनरला वीज जोडलेली असते, उणे १८ अंशांवर माल ठेवावा लागतो आणि तापमानाची नोंद ते स्वतः मागून घेतात.

आता बिल ऑफ लेडिंग. आमच्या परिचयातील एका जरीकाम करणाऱ्याने पूर्ण कंटेनर भरून माल पाठविला. एजंटाने कागदावर एवढेच लिहिले : एक कंटेनर, आत कपडे असल्याचे सांगितले. त्याने न वाचताच सही केली. कायदा असा आहे की माल बुडाला किंवा खराब झाला तर जहाज कंपनीची जबाबदारी दर नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोला २ एसडीआर, यांत जे जास्त असेल तेवढीच. एसडीआर हे नाणेनिधीचे हिशेबी चलन, एकाचे सुमारे १२० रुपये धरावेत. कागदावर नगांची संख्या लिहिली असेल तर प्रत्येक खोके एक नग, नाहीतर सबंध कंटेनर एकच नग! १५ किलोंची २०० खोकी घ्या. वजनाने मर्यादा ६,००० एसडीआर, म्हणजे सात लाखांच्या आसपास. "२०० खोकी" हे शब्द असतील तर प्रत्येक खोक्यामागे सुमारे ८० हजारांपर्यंत, अर्थात मालाच्या खऱ्या किमतीहून जास्त नाही. हलका पण किमती माल करणाऱ्या आपल्या कारागिरांना हे दोन शब्द लाखमोलाचे आहेत. संसदेने २०२५ साली १९२५ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला, तरी हा नियम कायमच आहे.

जहाज कधी बुडते, असे कोणी म्हणेल. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडाले, त्यावर ६४० कंटेनर होते. आणि न बुडताही खिशाला कात्री लागते. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' सहा दिवस अडकले. नंतर इजिप्तने ते जुलैपर्यंत सोडले नाही. मालकाने 'जनरल अ‍ॅव्हरेज' जाहीर केले, म्हणजे जहाज वाचविण्याचा खर्च मालधन्यांनीही आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घ्यायचा. विमा असेल तर विमा कंपनी हमी देते. नसेल त्याने रोख अनामत भरावी, तोवर माल सुटत नाही.

एफओबीने माल विकणारा म्हणेल, जहाजावर चढला की माझे काम संपले. बोजा गिऱ्हाइकाचा, हे खरे. पण पैसे उधारीवर असतील आणि गिऱ्हाइकाने विमाच उतरविला नसेल, तर बुडालेल्या मालाची उधारी कोणाकडून वसूल करणार? पुढच्या खेपेला एजंटाकडून जहाजाचे नाव लिहून घ्या, आणि सही करण्यापूर्वी नगांचा आकडा पाहा.