परत फिरलो तरी पूर्ण पैसे

पैसे वसूल झाले पाहिजेत, हा आपल्या सहलींचा पहिला नियम असतो. हॉटेलच्या नाश्त्याला किंवा दिवसभरात दाखवायच्या ठिकाणांना तो लावायला माझी हरकत नाही. जिवंत ज्वालामुखीवर मात्र तो लावू नये, हे मला आज तळमळीने सांगायचं आहे. बालीला जाणारी आपली मंडळी आता एका रात्रीत समुद्र ओलांडून पूर्व जावामधल्या कावाह इजेनवरही जाऊ लागली आहेत. तिथे जाण्याआधी वाटाड्याशी पैशांचं बोलणं कसं करायचं, याचा फार थोडे लोक विचार करतात. माझ्या मते सगळ्या सहलीत तेवढी एकच गोष्ट जिवाशी निगडित आहे.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यातून मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट म्हणून निवृत्त झालो. गंधक माझ्या रोजच्या कामातला. आपल्याकडची पांढरी साखर बहुतेक ठिकाणी डबल सल्फिटेशनने होते. भट्टीत गंधक जाळायचा, त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड चुन्याची निवळी घातलेल्या उसाच्या रसातून सोडायचा आणि पुढे सिरपमधून पुन्हा एकदा. बर्नरच्या पाइपला कुठे बारीक गळती लागली की आधी घशाला कळतं. डोळे चुरचुरतात, खोकल्याची उबळ येते आणि माणूस आपोआप मागे सरतो. हा वायू हवेपेक्षा दुपटीहून जड. खोलगट जागा मिळाली की तिथे बसून राहतो. दम्याच्या माणसाला थोडासाही पुरतो. इजेनच्या विवरात याच गंधकाचा वायू जमिनीतून बाहेर पडतो, हवेशी गाठ पडताच पेटतो आणि रात्री त्याची निळी ज्योत दिसते. ती बघायला जगभरचे लोक मध्यरात्री डोंगर चढतात आणि विवराच्या तळाकडे, म्हणजे नेमके वायू साठतो त्या खोलगटात उतरतात.

आम्ही चौघे गेलो होतो. मी, सौभाग्यवती आणि आमचे शेजारी पाटील दांपत्य. बालीतल्या ज्या पहिल्या एजंटाशी बोललो त्याने ग्रुप टूर स्वस्तात देऊ केली. इजेनच्या प्रवेशासाठी लागणारा आरोग्याचा दाखला ‘तपासणीशिवाय करून देऊ, काळजी नको’ असंही वर सांगितलं. माझ्यासाठी बोलणं तिथेच संपलं. ज्याला आपल्या रक्तदाबाशी देणंघेणं नाही, त्याला वाऱ्याच्या दिशेशी तरी काय असणार? मग आम्ही थेट जावाच्या बाजूच्या बान्युवांगी भागातल्या लोकांकडून खासगी गाडी आणि खासगी वाटाड्या ठरवला. त्यांनी जावाच्या बाजूला उतरल्यावर एका दवाखान्यात नेऊन चौघांचा रक्तदाब आणि ऑक्सिजन मोजून घेतला, मगच दाखले मिळाले.

बालीहून रात्री दहा-अकराला निघायचं, गिलिमानुकच्या धक्क्यावर गाडीसकट फेरीत चढायचं, सामुद्रधुनी ओलांडून केतापांगला उतरायचं. जावाचं घड्याळ बालीच्या एक तास मागे, तेवढा तास पदरात पडतो. पुढे पालतुडिंगच्या तळापर्यंत घाट. ही फेरी किरकोळ समजू नका. २०२५ च्या जुलैत याच सामुद्रधुनीत एक फेरी रात्री बुडाली आणि माणसं गेली. समुद्र खवळलेला असेल तर बालीतच थांबायची तयारी हवी, आणि ती तयारीसुद्धा पैशांच्या बोलण्यातच आधी ठरवावी लागते.

चढाईबद्दल सांगायचं तर पालतुडिंगपासून विवराच्या कडेपर्यंत साधारण तीन किलोमीटर वाट आणि पाचशे मीटरच्या आसपास चढ. कळसूबाई करणाऱ्याला किंवा दर पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्याला हे अवघड नाही. धोक्याची खरी सुरुवात इथेच होते. सह्याद्रीत हिंडलेला माणूस चढ बघून डोंगर जोखतो. आपला सह्याद्रीही लाव्हाच्याच थरांचा, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. आपल्या डोंगरात पाय घसरेल, ऊन लागेल, वाट चुकेल. श्वासातून विष जाणार नाही. इजेनवर पाय धडधाकट असूनही माणूस आडवा होऊ शकतो.

आमचा वाटाड्या चाळिशीचा असेल. त्याला आम्ही तिथल्या रिवाजाप्रमाणे ‘मास’ म्हणायचो, तो मला ‘पाक’ म्हणायचा. तरुणपणी त्याने याच विवरातून गंधक वाहिला होता. चालताना तो बोलत असे, पण कडा जवळ आल्यावर गप्प झाला. टॉर्च विझवून उभा राहिला, मग पुन्हा लावून झोत वर धरला. झोतात धुराचे लोट आमच्या दिशेने वाकताना दिसत होते. त्याने थोडा वेळ जाऊ दिला, पुन्हा झोत धरला. वर येणाऱ्या दोन खाणकामगारांशी जावानीजमध्ये चार शब्द बोलला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, ‘आज खाली नाही.’

त्याच वेळी शेजारून तीसएक जणांचा एक गट खाली उतरत होता. त्यांच्यातल्या एका बाईंना सारखा खोकला येत होता आणि त्यांचा गाइड ‘पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं’ म्हणत त्यांना पुढे नेत होता. पाटील मला म्हणाले, ‘साहेब, एवढे पैसे मोजून आलोय, ते लोक जातायत की.’ त्यांचं म्हणणं मला समजत होतं. पण मी आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं आणि वाटाड्याला तसं सांगितलंही होतं: तू वरून परत फिरवलंस तरी तुझे पैसे पूर्ण, आणि बक्षिसी ठरली तेवढीच. त्यामुळे ‘नाही’ म्हणताना त्याला आमच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं नाही. त्याने फक्त धुराकडे बघितलं.

मला खासगी सहल हवी ती एवढ्याचसाठी. एसी गाडी आणि स्वतंत्र ड्रायव्हर या चैनीच्या गोष्टी झाल्या. तीस जणांच्या गटात एकाला दम लागला म्हणून गट मागे फिरत नाही, आणि एकट्याने काळोखात परत जा असंही सांगता येत नाही. मग तो माणूस रेटत राहतो. चौघांत कुणीही ‘बस’ म्हटलं की सगळे थांबू शकतात. खर्चाचं म्हणाल तर गाडी आणि वाटाड्याचा आकडा चौघांत वाटून घेतल्यावर ग्रुप टूरशी फरक बराच कमी होतो. परदेशी विमान तिकीट काढणाऱ्याने तेवढ्यासाठी हात आखडू नये.

आता मास्कबद्दल, कारण हा माझ्या धंद्याचा विषय आहे. कोविडच्या काळातला कापडी मास्क या वायूला अडवत नाही. साधा एन-९५ सुद्धा धुळीसाठी आहे. लागतो तो आम्ल वायूंसाठीच्या कार्ट्रिजचा रबरी मास्क. युरोपीय पद्धतीत सल्फर डायऑक्साइडच्या कार्ट्रिजला पिवळा पट्टा असतो. कार्ट्रिजमधला भरणा वायू शोषून शोषून संपतो आणि संपल्यावर तो नुसता डबा उरतो. तळावर भाड्याने मिळणारे मास्क किती जणांनी वापरलेत हे बाहेरून ओळखता येत नाही. दाढीवर तो नीट बसत नाही, कडेने हवा आत येते. मी कार्ट्रिज कधी बदललं हे विचारलं तेव्हा आमच्या वाटाड्याने पिशवीतून पाकीटबंद नवी जोडी काढून माझ्यासमोर बसवली. असा माणूस मिळाला की घासाघीस करू नये.

उजाडल्यावर कड्यावरून खालचं तळं दिसलं. निळसर हिरवं, जवळजवळ किलोमीटरभर रुंद, आणि पाणी इतकं आम्ल की पीएच अर्ध्याच्या आसपास. गंधकाम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं हे जगातलं सर्वांत मोठं तळं मानतात. त्याचा अंश घेऊन बान्युपाहित नदी खाली उतरते आणि पुढे असेंबागुसच्या सपाटीवर त्याच पाण्यावर शेती होते. तिथे ऊसही आहे आणि डच काळापासूनचा साखर कारखानाही. या पाण्यातल्या फ्लोराइडचा तिथल्या लोकांच्या दातांवर झालेला परिणाम संशोधकांनी नोंदवला आहे.

त्याच कड्यावर एक खाणकामगार टोपल्या टेकवून बसला होता. बांबूच्या दोन टोपल्या, मधे वाकलेली कावड, टोपल्यांत पिवळेधमक गंधकाचे ढेपे. विवरात वायू पाइपांतून नेतात, तो थंड होताना आधी लालभडक रस ठिबकतो आणि गोठला की पिवळा होतो. तो पहारीने फोडायचा, टोपल्यांत भरायचा आणि विवराच्या भिंतीवरून चढवून आणायचा. एका खेपेचं वजन सत्तर ते नव्वद किलो. आमच्या गोदामातलं साखरेचं पोतं पन्नास किलोचं. त्या माणसाच्या खांद्यावर कावडीच्या जागी मांसाचा एक घट्ट गोळा तयार झाला होता, आणि तोंडाशी मास्कऐवजी ओला फडका होता. पैसे किलोवर मिळतात. आमच्या वाटाड्याने त्याच्या खांद्याकडे बोट दाखवून आपला सदरा थोडा सरकवला. त्याच्याही खांद्यावर तीच खूण होती, थोडी बसलेली. हे काम सोडून तो पर्यटकांना नेऊ लागला म्हणून त्याची फुप्फुसं वाचली. असे बरेच जण आता वाटाडे झाले आहेत, काही जण दोन चाकांच्या गाड्यांवर थकलेल्या पर्यटकांना ओढून नेतात. त्या गाडीत बसायला गुडघे दुखणाऱ्यांनी लाजू नये. मात्र वर जाताना दोन-तीन माणसं जीव काढून ती ढकलतात, तिथे भाव पाडू नये.

वाटाड्याने मला उतरताना सांगितलं की विवरात न नेता परत आणलं तर काही गिऱ्हाइकं उरलेली रक्कम देत नाहीत. मला हे ऐकून फार राग आला. माणसाची रात्रभराची मजुरी कापायची आणि वर त्याच्याकडून प्रामाणिक सल्ल्याची अपेक्षा ठेवायची, हे कुठल्या हिशेबात बसतं? ज्याच्या घरची चूल आपल्या ‘हो’वर पेटते, तो आपल्याला ‘नाही’ कसा म्हणेल?

जगात इतरत्र काय झालं तेही बघा. जपानचा ओन्ताके २७ सप्टेंबर २०१४ ला भर दुपारी फुटला तेव्हा इशाऱ्याची पातळी सर्वांत खालची होती, आणि ६३ माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. सुमात्रातला मारापी ३ डिसेंबर २०२३ ला फुटला, वीसहून अधिक गिर्यारोहक गेले; विवराजवळ जाऊ नका अशी सूचना असूनही चढाई चालू होती. न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला ४७ जण होते, त्यांतले २२ गेले. तिथे गाइड सोबत होते आणि मृतांत गाइडही होते. इशाऱ्याची पातळी तीन आठवडे आधीच वाढवलेली होती, सहली तरीही चालूच राहिल्या. म्हणजे गाइड घेतला की निर्धास्त, असं मी म्हणत नाही. गाइडला आणि त्याच्या मालकाला सहल रद्द करणं परवडलं पाहिजे, एवढंच म्हणतो.

खुद्द इजेनवर २०१८ च्या मार्चमध्ये वायूचा मोठा लोट बाहेर पडून पायथ्याच्या गावांतल्या सुमारे तीस जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये कड्यावर फोटो काढताना एक चिनी महिला पर्यटक खाली कोसळून गेली. गाइडने तिला आधी सावध केलं होतं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

यावर कुणी म्हणेल, पूर्ण पैसे आधीच कबूल केले तर वाटाडा आळस करेल, उगाच परत फिरवेल. मला तसं वाटत नाही. वर जाणं हेच त्या गावांचं पोट आहे, पाहुणा खूश होऊन गेला तरच पुढचा येतो. आणि समजा एखाद्याने उगाच फिरवलंच, तर आपली एक निळी ज्योत बघायची राहिली. ते नुकसान मला चालेल. पाटील वहिनींना दम्याचा त्रास आहे, हे पाटलांना त्या कड्यावर आठवून द्यायची वेळ आली नाही.

तेव्हा या हंगामात बालीला निघाला असाल आणि इजेनचा किंवा दुसऱ्या कुठल्याही ज्वालामुखीचा बेत असेल, तर ठरवण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. दाखला खऱ्या तपासणीनंतरच मिळेल. मास्कची कार्ट्रिज आमच्यासमोर नवी बसवली जाईल. आणि परत फिरायचा निर्णय वाटाड्याचा राहील, फिरलो तरी त्याची मजुरी पूर्ण मिळेल. तिसऱ्या वाक्याला जो एजंट आढेवेढे घेईल, त्याच्याबरोबर जाऊ नका.