तिथे काय आहे?

कार्तिकातला शेवटचा सोमवार जवळ आला की आमच्या बसवनगुडीत पाय ठेवायला जागा उरत नाही. बुल टेंपल रोडच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात. ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या, हव्या तशा. ही इथली कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा. यंदा जत्रेच्या आदल्या रविवारी आम्ही गर्दीतून पळ काढायचं ठरवलं. नवरा, नऊ वर्षांची लेक, मी आणि सासूबाई.

सासूबाई मे महिन्यापासून आमच्याकडे आहेत. सासरे गेले, मग नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं घर बंद केलं, शेत वाट्याने दिलं आणि त्यांना इथे तिसऱ्या मजल्यावर आणलं. सुरुवातीला त्या म्हणायच्या, "मला एकदा गावी नेऊन आणा." आम्ही म्हणायचो, "आई, आता तिथे काय आहे?" दोन-तीन वेळा असं झालं. मग त्यांनी विचारणंच सोडलं. पुढे पुढे बोलणंही कमी झालं.

नवऱ्याने ठिकाण निवडलं ते मैदनहळ्ळी. तुमकूर जिल्ह्यातल्या मधुगिरी तालुक्यात, आंध्रच्या सीमेला लागून हे गाव आहे. तिथल्या माळरानाला 2007 साली 'जयमंगली काळवीट संवर्धन राखीव क्षेत्र' असा दर्जा मिळाला. जवळून वाहणाऱ्या जयमंगली नदीवरून हे नाव पडलं. क्षेत्र फार मोठं नाही, साधारण 798 एकर. राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारी जीप, कमान, कँटीन असलं काही तिथे नाही.

पहाटे पाचला निघालो. दाबसपेटवरून कोरटगेरे, मग मधुगिरी. मधुगिरीचा तो प्रचंड एकसंध खडक आणि त्यावरचा किल्ला गाडीतूनच पाहिला. डबा होताच, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पुढे डोंगर मागे पडले, जमीन सपाट झाली आणि दोन्हीकडे वाळलेलं सोनेरी गवत सुरू झालं.

उतरल्या उतरल्या लेक म्हणाली, "आई, इथे तर काहीच नाही!"

खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं. नवऱ्याने हळूच घड्याळ पाहिलं.

सासूबाई मात्र गवतात चार पावलं पुढे गेल्या. वाकून एक काडी तोडली आणि नातीला म्हणाल्या, "ही कुसळी. हिची कुसळं परकराला लागली की घरी जाऊन तासभर काढत बसायचो आम्ही." मग म्हणाल्या, "गप उभी राहा. आणि बघ, त्या झुडपाच्या डाव्या अंगाला कोण उभाय."

आम्हाला ते वाळलेलं खोड वाटलं होतं. खोडाने मान वळवली! पाठ काळी, पोट पांढरं, डोळ्यांभोवती पांढरी कडी आणि पीळ दिलेली लांब शिंगं. काळवीट. एकदा तो दिसला आणि मग माळ भरतच गेला. त्याच्या मागे गवताच्याच रंगाच्या बिनशिंगी माद्या होत्या, सात, नऊ, अकरा. लेक मोजत राहिली. कशाने तरी कळप बुजला आणि एकेका हरणाने चारही पाय उचलून अशी उसळी घेतली की लेकीच्या तोंडून शब्दच फुटेना.

सासूबाईंचं गाव रेहेकुरीजवळ. तिथे 1980 पासून काळविटांचं अभयारण्य आहे, अवघं दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरचं. पण त्यांच्या लहानपणी अभयारण्य वगैरे काही नव्हतं. "बहात्तरच्या दुष्काळात मी तुझ्याएवढी होते," त्या लेकीला सांगत होत्या. "आई-दादा खडी फोडायला जायचे. आम्हाला सुकडी मिळायची. तेव्हाही माळावर हरणं दिसायची. वाटायचं, आपल्याला पुरत नाही, ही काय खात असतील?"

सहा महिन्यांत त्या एका दमात एवढं बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

काळवीट ताशी 80 किलोमीटरच्या आसपास वेगाने पळतो. कारण त्याच्यामागे चित्ता असायचा. भारतातला चित्ता 1952 मध्ये नामशेष झाल्याचं जाहीर झालं (2022 मध्ये नामिबियाहून मध्य प्रदेशातल्या कुनोला चित्ते आणले, ते आपण वाचलंच). मागे लागणारा गेला, पळणाऱ्याचा वेग तेवढा राहिला. आता माळावर त्याच्यामागे लागतो तो मुख्यतः लांडगा. आणि माळही कमी होतोय. जिथे झाडं नाहीत तिथे काहीच नाही, असं आपण धरून चालतो. सरकारी नकाशांतही माळरानांचा बराच भाग 'पडीक जमीन' म्हणून नोंदवलेला आहे. मग तिथे कारखाना येतो, नाहीतर चांगल्या हेतूने झाडं लावली जातात. पण काळविटाला लांबवर दिसणारं मोकळं गवतच लागतं. ज्याच्या नावातच माळ आहे तो माळढोकही असाच हरवत चालला आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे, पण तो दिसणं आता फार दुर्मीळ झालं आहे.

परतताना रस्त्याकडेच्या शेतात भुईमूग काढणं चाललं होतं. सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. त्यांना कन्नड येत नाही, शेतकऱ्याला मराठी येत नाही, म्हणून लेक दुभाषी झाली.

"त्यांना विचार, हरणं शेतात येतात का?"

"येतात म्हणे आजी, रात्री. शेंगा खातात."

"मग राखण कोण करतं?"

"ते आणि त्यांचा मुलगा. आळीपाळीने."

"आमच्याकडेही असंच," सासूबाई म्हणाल्या. ते मात्र लेकीने सांगण्याआधीच त्याला कळलं असावं. त्याने हसून शेंगांचे दोन वेल उपटून त्यांच्या हातात दिले. पीक त्याचं जातं, झोप त्याची मोडते आणि कौतुक करायला आपण शहरातून येतो, हे मला तिथे उभं राहून पहिल्यांदा जाणवलं.

जाणार असाल तर थोडं सांगते:

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. सकाळी लवकर पोचा, उन्हं चढली की हरणं सावलीला बसतात.
- निघण्याआधी तुमकूरच्या वन विभागाकडे परवानगीची चौकशी करा.
- पाणी आणि खाणं घरून न्या, कचरा परत आणा.
- कपडे मातकट रंगाचे घाला. कळपामागे चालत जाऊ नका, एका जागी बसा.
- रजा जास्त असेल तर गुजरातेत भावनगरजवळचं वेळावदर राष्ट्रीय उद्यान पाहा. 34 चौरस किलोमीटरचं गवताळ रान आहे, काळवीट भरपूर. पावसाळ्यात मात्र बंद असतं.

संध्याकाळी घरी आलो तर जत्रा ऐन भरात होती. इथल्या नंदीची गोष्ट ठाऊक आहे ना? पूर्वी या भागात भुईमुगाची शेतं होती आणि एक बैल रोज पीक फस्त करायचा. शेवटी शेतकऱ्यांनी त्याचं देऊळ बांधलं आणि पहिलं पीक त्यालाच वाहायला सुरुवात केली, असं सांगतात. लेकीने ती आजीला ऐकवली. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग एका शेंगावालीपुढे जाऊन बोट वर करत म्हणाल्या, "एक शेर." इथे शेंगा अजून 'सेर'नेच मोजतात. बाईने माप भरलं. दुभाष्याची गरज पडली नाही.

रात्री शेंगा सोलता सोलता लेकीने बापाला विचारलं, "आजीच्या गावी पण असा माळ आहे?"

"आहे की."

"मग तू आजीला का म्हणतोस, तिथे काय आहे?"

नवरा काही बोलला नाही. मीही नाही. ते वाक्य त्याच्याइतकंच माझंही होतं.

संक्रांतीची कर्नाटक एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत, दौंडपर्यंतची. चार माणसं, पाच दिवस. घर उघडायचं, झाडायचं, शेतावर जायचं. सासूबाईंना तिकिटं दाखवली तर म्हणाल्या, "थंडी असते हां. पोरीचं स्वेटर घे." आणि लगेच न्यायच्या सामानाची यादी सांगायला बसल्या. ती अजून संपलेली नाही.