शिवी आईवरून, तक्रार मात्र खेळाडूची

खेळाच्या मैदानावर एका पुरुषाने दुसऱ्याला आईवरून शिवी दिली, तर अपमान कोणाचा होतो? नियमांच्या दृष्टीने, ज्याला दिली त्याचा. तक्रार करायची तर त्याने किंवा त्याच्या संघाने. दंड झालाच तर तो त्याच्या अपमानाबद्दल. जिच्या शरीरावरून ती शिवी घडवलेली असते, ती बाई या सगळ्या व्यवहारात कुठेच नसते. मैदानावरच्या शिवीगाळीचा प्रश्न स्त्री-संघटनांनी हाती का घ्यायचा, याचे उत्तर इथेच आहे.

या व्यवहाराचा सर्वांत उघड नमुना जानेवारी २००८ मध्ये सिडनीच्या कसोटी सामन्यात दिसला. हरभजन सिंगने अँड्र्यू सायमंड्सला 'माकड' म्हटले, अशी तक्रार ऑस्ट्रेलियाच्या संघाने केली. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजनवर तीन कसोटींची बंदी घातली. अपिलाची सुनावणी २९ जानेवारीला ॲडलेडमध्ये न्यूझीलंडचे न्यायाधीश जॉन हॅन्सन यांच्यासमोर झाली. तिथे बचाव काय होता? 'मंकी' असे ऐकू आले ते प्रत्यक्षात 'तेरी माँ की' असे होते! समोरच्या टोकाला फलंदाजी करणाऱ्या आपल्या सचिन तेंडुलकरने तशी साक्ष दिली. वांशिक शिवी दिल्याचा आरोप सिद्ध झाला नाही. बंदी उठली. अपशब्दांबद्दल सामन्याच्या मानधनाची निम्मी रक्कम एवढाच दंड राहिला आणि देशभर आनंद साजरा झाला.

न्यायाधीशांपुढे आरोप वंशद्वेषाचा होता, त्याचाच निकाल त्यांनी दिला. साक्षीवर अविश्वास दाखवण्याचेही कारण नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. वांशिक शिवी तिसऱ्या पातळीचा गुन्हा आणि आईवरची शिवी दुसऱ्या पातळीचा, ही उतरंड कोणालाच खटकली नाही. आईवरून शिवी दिली, हे सांगून सुटका होऊ शकते, यात कोणाला काही वावगे वाटले नाही. सायमंड्सची आई किंवा कोणाचीही आई या सुनावणीत पक्षकार नव्हती.

वांशिक शिवीला मोठी शिक्षा हवी, याबद्दल दुमत नाही. ती आपोआप मिळालेली नाही, काळ्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या लढून मिळवली आहे. आपल्याकडेही जातिवाचक अपमान हा गंभीर गुन्हा ठरला तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, आणि त्या कायद्यामागे दलित चळवळीचे बळ होते. 'बोलीभाषाच तशी आहे, मनात काही नव्हते' ही सबब तिथे ऐकून घ्यायची नाही, हे चळवळीने शिकवले. आई-बहिणीवरच्या शिवीबाबत मात्र ही सबब आजही चालते.

सर्वसाधारण कायद्याचीही तीच गत आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७९, म्हणजे पूर्वीचे ५०९, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांना शिक्षा देते. पण ते शब्द त्या स्त्रीच्या कानी पडावेत असा हेतू असावा लागतो. घरी भाकऱ्या थापणाऱ्या आईला त्याचा काय उपयोग? कलम २९६ अश्लील शब्दांबद्दल आहे. पण शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे. ते पटण्यासारखेही आहे. आपली तक्रार अश्लीलतेची नाहीच. बाईचे शरीर ही पुरुषाची मालमत्ता आणि ती विटाळली की मालकाची मान खाली, हा जो विचार त्या शिवीत आहे, त्याबद्दल आपली तक्रार आहे.

आता आपल्या घराकडे वळू. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल सामने होतात. कागल तालुक्यात जत्रेची कुस्ती मैदाने भरतात, मुरगूडला मुलीही कुस्तीचा सराव करतात. 'आमची भाषाच रांगडी' हे इथले लाडके समर्थन. रांगडेपणाचा आम्हालाही अभिमान आहे. पण रांगडेपणाला दरवेळी आईच कशाला लागते? फुटबॉलच्या नियमांत अपमानास्पद, शिवीगाळीच्या भाषेबद्दल थेट लाल कार्ड दाखवण्याची तरतूद आहे. म्हणजे नियम आहे, पण ही शिवी पंचांच्या आणि आपल्या सर्वांच्या कानांना इतकी सरावाची झाली आहे की ती ऐकूच येत नाही.

मैदानावर मुली खेळाडू, पंच, प्रशिक्षक म्हणून उतरल्या की प्रश्न आणखी थेट होतो. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाच्या जागे'च्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचे ठिकाण स्पष्टपणे घातलेले आहे. तिथे लैंगिक शेरेबाजी झाली तर तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. संस्थेत समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. ही गोष्ट किती तालमींच्या भिंतीवर लिहिलेली आहे?

होणार नाही असे काही नसते. २०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. २०२४ च्या नोव्हेंबरात नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावच्या ग्रामसभेने आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंडाचा ठराव केला. दंडाने मन बदलते असे नाही. पण ही शिवी बाईचा अपमान आहे, एवढे गावाने तोंडाने कबूल केले, हे थोडे नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आपापल्या गावातल्या स्पर्धा समित्यांकडे निवेदने घेऊन जाऊ या. मागण्या साध्या आहेत. प्रवेश अर्जावरच लिहावे की, बाईवरून दिलेली शिवी हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग ती कोणालाही दिलेली असो. तक्रारीचा हक्क समोरच्या खेळाडूपुरता न ठेवता ती ऐकणाऱ्या प्रत्येकीला असावा. शिस्तपालन समितीत निदान दोन स्त्रिया असाव्यात आणि निर्णय लेखी द्यावा. शिक्षा संघाच्या गुणांवरही लागू व्हावी. खिशातून शंभराची नोट काढून मोकळे होता येऊ नये.

हे सोवळेपण नव्हे. रागावून बोलू नका, असे आपण कोणालाच म्हणत नाही. आपल्या भांडणात आमचे शरीर वापरू नका, एवढेच म्हणतो. १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा करणारे शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले. त्यांच्या नावाच्या मैदानावर एवढी मागणी जड जाऊ नये.