विहिरीतला तांबडा पट्टा बघा, मग माती विका



"माती काय, परत होतेच की! दोन वर्षं शेणखत टाकायचं." वीटभट्टीला ट्रॉलीच्या हिशोबाने वरची माती देणारा प्रत्येक जण हेच बोलतो. हे साफ खोटं आहे आणि त्याचा पुरावा आपल्याच विहिरीत आहे.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वाकून बघा. वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण. बऱ्याच विहिरींत दोन पाषाणांच्या मधे हात-दोन हात जाडीचा तांबडा पट्टा दिसतो. आमच्याकडे त्याला गेरू म्हणतात. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथंही असे पट्टे दिसतात.

आपला हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरावर थर साचून झाला. एक थर थंड झाला, मधे उसंत मिळाली. त्या काळात ऊन-पावसाने दगड कुजला, त्यातलं लोखंड गंजून तांबडं झालं, माती होऊ लागली. मग पुढचा लाव्हा आला आणि तिच्यावर झाकण बसलं. सगळेच पट्टे मातीचे नाहीत, काही ज्वालामुखीच्या राखेचे आहेत. पण जिथं माती आहे तिथं हिशोब सरळ आहे: हजारो वर्षं गेली, तेव्हा कुठं हात-दोन हात थर झाला. आपण तेवढी जेसीबीने दोन दिवसांत उचलतो.

मी शहाणपण शिकवत नाही. दुष्काळाच्या वर्षी मीही अर्ध्या एकरातली फूटभर माती दिली. पैसे एका हंगामात संपले. आज त्या तुकड्यात तूर गुडघ्याच्या वर जात नाही, पाणी दिलं तरी ओल टिकत नाही. शेणखत दरवर्षी टाकतो. त्याने मातीत जीव येतो, खोली येत नाही. धरणातला गाळ भरू म्हणाल, तर तोही वरच्या अंगाच्या कुणाच्या तरी रानातून वाहून आलेला असतो.

कृषी खात्याच्या साहेबांनाही सांगणं आहे. जमीन आरोग्य पत्रिकेत १२ तपासण्या आहेत. नत्र, स्फुरद, पालाश, जस्त सगळं आहे. मुरूम किती फुटावर लागतो, हे त्या १२ मधे नाही. जे मोजत नाही, ते गेलेलं कळणार कसं?

उद्या पहार घेऊन बांधाजवळ खड्डा घ्या. मुरूम लागेपर्यंत मोजा आणि आकडा खाली लिहा. भट्टीवाल्याशी बोलणी त्यानंतर करा.