अंगठा आमचा, यंत्र कुणाचे?

१८९७ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानच्या दोन टोकांना दोन उद्योग एकाच वेळी आरंभले होते. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सोजीर बुटांसकट माजघरात आणि देवघरात शिरत होते. इकडे कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा सरकारी दप्तरखाना उघडला जात होता. पुण्याच्या झडतीवर अग्रलेख पेटले, रँडचा खून झाला, टिळक राजद्रोहाखाली तुरुंगात गेले. कलकत्त्याच्या दप्तरखान्याविरुद्ध मात्र कोणी ब्र काढल्याचे आम्हांला ठाऊक नाही. बोटाची शाई धुतली की प्रकरण मिटले, असेच बहुधा लोकांना वाटले असावे.

आज ती झडती आणि तो ठसा संगणकाच्या एकाच डब्यात भरला गेला आहे, आणि त्या डब्याला कुलूप आहे. ते कुलूप सरकारचे नाही, हीच आमची तक्रार आहे.

आम्ही याच कलकत्त्यात सर्व्हर राखण्याची नोकरी करतो. गेल्या पावसाळ्यात एका कचेरीत उभे होतो. कोणत्या, ते सांगत नाही. तुमच्या गावची घ्या, फरक पडणार नाही. धुणीभांडी करून अंगठ्याच्या रेघा पुसल्या गेलेली एक म्हातारी तो अंगठा पदराला पुसून चौथ्यांदा काचेवर ठेवत होती. "मासिमा, आणखी एकदा," बाबू म्हणाला. समोरच्या पडद्याच्या कोपऱ्यात फिकट अक्षरे होती: विंडोज ॲक्टिव्हेट करा. म्हणजे प्रत चोरटी किंवा परवाना थकलेला. चांदनी मार्केटात असली प्रत पेनड्राइव्हवर मिळते आणि ती घालताना पहिली सूचना येते ती अशी, की आधी अँटिव्हायरस बंद करा. आम्ही विचारले, हे यंत्र कोण बघतो? "व्हेंडर." आणि व्हेंडरला कोण बघतो? बाबू हसला. मासिमाचा अंगठा पाचव्या खेपेला लागला. तो त्या डब्यातून कुठे कुठे गेला हे तिला ठाऊक नाही, बाबूला ठाऊक नाही, त्याच्या साहेबाला तर नाहीच नाही.

आता कोणी म्हणेल, चोरटी प्रत नको, रीतसर विकत घ्या. घ्या की! घेतलीत तरी आत काय चालते ते पाहण्याचा हक्क विकत मिळत नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःच लिहून सांगते की यंत्राची निदान-माहिती कंपनीकडे जाणे पुरते बंद करण्याची सोय एंटरप्राइझ, एज्युकेशन आणि सर्व्हर आवृत्त्यांत आहे; घरासाठी होम किंवा प्रो घेणाऱ्याने 'आवश्यक' तेवढी माहिती दिलीच पाहिजे. खासगीपणासुद्धा घाऊक गिऱ्हाइकाला, किरकोळीत नाही!

आणि या कंपनीचा हुकूम किती दूरवर चालतो, ते मुंबईने जुलै २०२५ मध्ये पाहिले. नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली तेल कंपनी. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा, म्हणून निर्बंध लादले युरोपीय संघाने. आणि भारतातल्या कंपनीचे ई-मेल बंद पाडले अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्टने. पैसे भरलेले, परवाने चालू, भारताचा एकही कायदा मोडलेला नाही. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले, तेव्हा कुठे सेवा पूर्ववत झाली. तिच्यापाशी वकील होते. उद्या एखाद्या जिल्हा रुग्णालयाचा पडदा असाच काळा झाला तर सिव्हिल सर्जन कोणत्या न्यायालयात धावणार आहे?

यावर सरकार म्हणेल, आमचे धोरण आहे. आहेच! २०१५ साली केंद्राने मुक्त-स्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही उघडून पाहता येतो अशा, सॉफ्टवेअरचे धोरण काढले, सरकारी कामात त्यालाच पहिली पसंती द्या असे सांगितले. केंद्राच्याच सीडॅक संस्थेने त्याच्याही आधी, २००७ मध्ये, डेबियन या मुक्त-स्रोत लिनक्सवर उभारलेली 'बॉस' प्रणाली देशाच्या हाती दिली. केरळच्या सरकारी शाळांतली पोरे कित्येक वर्षे लिनक्सवर शिकत आहेत. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटू या लिनक्सवर बेतलेली 'माया' आणली. म्हणजे धोका सरकारला कळत नाही असे कोणी म्हणू नये. लष्कराच्या फाइलीसाठी तो कळतो आणि मासिमाच्या अंगठ्यासाठी कळत नाही! याला आम्ही अडाणीपणा म्हणत नाही. अडाण्याला शिकवता येते. ही बेपर्वाई आहे, आणि ती जाणूनबुजून आहे.

कायद्याचे काय? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर सहा वर्षे घोळ घालून २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, तो असा की खासगी कंपनी चुकली तर अडीचशे कोटींपर्यंत दंड, आणि सरकारने अधिसूचना काढून आपल्याच एखाद्या यंत्रणेला पुरते मोकळे सोडायचे ठरवले तर तीही मुभा. कुंपणाने शेत खाल्ले तर ते कायदेशीर! शिवाय याच कायद्याच्या पोटात माहिती अधिकाराच्या खासगी माहितीविषयीच्या कलमालाही कात्री लावून ठेवली.

कलकत्त्याचा कारभार तरी वेगळा कुठे होता? फोनमध्ये चोरून शिरणाऱ्या पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचे प्रकरण फुटले तेव्हा २१ जुलै २०२१ च्या भाषणात मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी आपल्या फोनच्या कॅमेऱ्याला पट्टी चिकटवल्याचे सांगितले. चार-पाच दिवसांत त्यांनी न्यायमूर्ती लोकूर यांचा आयोग नेमला. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे काम थांबवले. न्यायालयाने स्वतः नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगाससच का हे ठरवता आले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही असे खुद्द सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितले. इतक्या मोठ्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांपाशी स्वसंरक्षणाचे साधन काय, तर चिकटपट्टी! बाई, पट्टीने कॅमेरा झाकता येतो, मायक्रोफोन नाही. आणि प्रजेला वाटायला तेवढीही पट्टी कोणी आणली नव्हती.

आताशा दिल्लीत स्वदेशीचा गजर आहे. केंद्राच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहोकडे गेले. कंपनी देशी आहे, आनंद आहे. पण तिचाही कोड बंदच. १९०५ मध्ये याच शहराच्या टाऊन हॉलमध्ये बहिष्काराचा ठराव झाला. त्या चळवळीला आकड्यांचा दारूगोळा पुरवला तो सखाराम गणेश देउस्कर या मराठी घराण्यातल्या माणसाने, बंगालीत 'देशेर कथा' लिहून. सरकारने ते पुस्तक १९१० मध्ये जप्त केले. देउस्करांनी देशाची लूट आकडे मांडून उघडी केली होती. मांडलेला हिशेब दिसतो, म्हणून तो तपासता येतो. झाकलेल्या हिशेबावर देशी शिक्का मारला तरी तो झाकलेलाच राहतो.

मुक्त-स्रोत म्हणजे रामबाण, असे आम्ही म्हणणार नाही. रात्री-बेरात्री सर्व्हर उठवून आमची हाडे झिजली आहेत. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या चिमुकल्या मुक्त घटकात कोणीतरी दोन-अडीच वर्षे विश्वास कमावून चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. तो सापडला कसा? लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो म्हणून एका इंजिनिअरला शंका आली, त्याने कोड उघडून पाहिला आणि जगाला ओरडून सांगितले. गंमत अशी की तो नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्येच आहे. आपल्या कचेऱ्यांत असा अर्धा सेकंद कोणी मोजत नाही, आणि मोजला तरी उघडून पाहायला काही नाही.

करदात्याच्या पैशाने चालणाऱ्या आणि नागरिकाचे बोट, डोळा, आजार, जमीन नोंदवणाऱ्या प्रत्येक यंत्रावरची प्रणाली उघडी असलीच पाहिजे. ज्या मंत्र्याला हे जमत नसेल त्याने आधी स्वतःचा अंगठा त्या चोरट्या प्रतीवर ठेवून दाखवावा.

वाचकहो, तोवर एक काम करा. माहिती अधिकाराचा अर्ज अजून दहा रुपयांत होतो. आपल्या तहसिलीला, रुग्णालयाला, महापालिकेला लिहून विचारा: माझा अंगठा ज्या यंत्रावर घेता त्यावर प्रणाली कोणती, परवाना कोणाच्या नावे, आणि तिचा कोड आजवर कोणी तपासला? यात कोणाचीही खासगी माहिती नाही, म्हणून नव्या कात्रीची सबब चालणार नाही. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.